नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू : वाचकांचे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एक वाचक लिहितात : ताई, मी बी.ए. झाले, समाजशास्त्र घेऊन, सेकंड क्लासमध्ये. मुलगा चार वर्षांचा आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या संजीवनी महासंघात बचत गटांच्या वह्या लिहायचं काम करते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची फार इच्छा आहे, पण रोज बेळगाव-धारवाड जमणार नाही. इथल्या एका झेरॉक्स दुकानात एक जण सांगतोय, उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचं एका वर्षात काढून देतो, फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचं काम, लागत नाही. मिस्टर म्हणतात, नाशिकचं मुक्त विद्यापीठ मराठीत आहे, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मावशीचा पत्ता देऊया. यातलं काय धरायचं? आणि बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत असते का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे युजीसीची मान्यता असलेल्या संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर 2022 मध्ये युजीसीने पत्रक काढून हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘बाहेरून केलेलं चालत नाही’ असं कुणी ठासून सांगितलं तर खचू नका. वकिलांना बार कौन्सिल असते, नर्सना नर्सिंग कौन्सिल असते. समाजकार्याला देशपातळीवर तशी आपली वेगळी कौन्सिल नाही. (दवाखान्यातल्या कामाचं निराळं आहे, ते खाली अथणीच्या पत्रात येईल.) म्हणून आपल्या पदवीचा सगळा भार युजीसीच्या मान्यतेवर असतो, आणि ती मान्यता तपासायचं काम आपलंच आपण करायचं असतं.

ही मान्यता एकदा मिळाली की कायमची असं नसतं. आपल्याच राज्याचं बघा. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ 1996 पासूनचं. 2015 मध्ये युजीसीने जाहीर केलं की 2012-13 नंतर या विद्यापीठाला मान्यता नाही. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतला ती मुलं अडकली. 2018-19 पासून मान्यता परत आली आणि विद्यापीठ आज व्यवस्थित चालू आहे. पण मधल्या वर्षांत फी भरलेल्या मुलीला ‘आता मान्यता आहे’ हे सांगून काय उपयोग? म्हणून प्रवेश घ्यायच्या सत्रापुरती, त्याच वर्षाची, मान्यता बघायची. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डेबच्या, संकेतस्थळावर प्रत्येक सत्राची यादी असते. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. त्या नावाखाली एमएसडब्ल्यू हा अभ्यासक्रम त्या सत्रात लिहिलेला दिसला पाहिजे. यादीचं पान प्रिंट काढून फाइलमध्ये लावून ठेवा, पुढे नोकरीच्या वेळी ते उपयोगी पडतं.

आणखी एक. 2024 पासून दूरशिक्षणाला किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डेब आयडी काढावा लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांक बँकेचा, आयडी तयार करायचा, त्यावरून डेब आयडी मिळतो. पंचायतीचं ऑनलाइन काम करणाऱ्या तुमच्यासारख्या बाईला हे अवघड नाही. जो माणूस किंवा जी संस्था ‘आयडीची गरज नाही, आम्ही बघतो’ म्हणते, तिथून चहा न घेता उठायचं.

आता त्या झेरॉक्स दुकानातल्या माणसाबद्दल. तुमची बी.ए. तीन वर्षांची आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यू दोन वर्षांचंच असतं, एका वर्षात होत नाही. दूरशिक्षणाची केंद्रं फ्रँचायझी म्हणून कुणाला चालवायला देणं नियमात बसत नाही. आणि फील्डवर्कशिवाय एमएसडब्ल्यू ही गोष्टच नसते. तिन्ही मुद्द्यांवर त्याचं बोलणं खोटं ठरतं, तेव्हा त्याला ॲडव्हान्स म्हणूनसुद्धा पैसे देऊ नका. दिले असतील तर पावती मागा, आणि पावती देत नसेल तर घरच्या चारचौघांना घेऊन जाऊन परत मागा. एकट्या जाऊ नका.

नाशिकच्या बाबतीत मिस्टरांचा विचार मनापासूनचा आहे, मला समजतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं, मराठीतून शिकवणारं, आणि सीमाभागातल्या माणसाला आपल्या भाषेत शिकायची ओढ असणारच. पण युजीसीच्या नियमाप्रमाणे राज्याच्या विद्यापीठाने आपलं दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवायचं असतं. म्हणजे केंद्र महाराष्ट्रात, संपर्कवर्ग महाराष्ट्रात, परीक्षा महाराष्ट्रात. लहान मूल आणि नोकरी सोडून तुम्ही तिकडे किती वेळा जाणार? आणि मावशीच्या पत्त्याचा विचार तर डोक्यातून काढून टाका. आधार खानापूरचं, नोकरी खानापूरची आणि प्रवेश अर्जावर पत्ता चंदगडचा, हे कागद उद्या एका टेबलावर आले की खुलासे तुम्हालाच देत बसावे लागतील. जी पदवी बायकांचे हक्काचे कागद नीट करून द्यायला वापरायची आहे, ती खोट्या कागदावर कशाला उभी करायची?

मग राहतं ते इग्नू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे 1985 सालचं, संसदेच्या कायद्याने झालेलं, त्यामुळे त्याला राज्याच्या हद्दीची अडचण नाही. तिथं एमएसडब्ल्यू अनेक वर्षांपासून आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय, म्हणजे असाइनमेंट, हाताने लिहून द्यायच्या, त्याला 30 टक्के वजन. लेखी परीक्षेला 70 टक्के. पास व्हायला 40 टक्के पुरतात. मात्र पुढे कधी नेट ही पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात शिकवायचं मनात आलं तर एमएसडब्ल्यूला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 50. तेवढं लक्षात ठेवून अभ्यास करा. आणि चार वर्षांची मुदत तुमच्यासारखीला फार मोलाची आहे. मूल लहान, सासर-माहेरची कामं, मार्च महिन्यात महासंघाचं ऑडिट. दोन वर्षांतच संपवायचं म्हणून जिवाला त्रास करून घेऊ नका. तीन वर्षं धरून चाला.

माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. मराठी शाळेत शिकलेल्या बऱ्याच मुली हिंदी घेतात, लिपी ओळखीची म्हणून. माझं म्हणणं असं की दोन्ही पुस्तकं समोर ठेवून एक-एक धडा वाचून बघा. हिंदी पुस्तकातली भाषा कधीकधी इतकी जड असते की इंग्रजी बरी वाटते. इंग्रजीत चार ओळी स्वतःच्या स्वतः लिहिता येत असतील तर इंग्रजी घ्या, कारण आपल्याकडच्या संस्थांचे अहवाल, प्रकल्पाचे कागद, मुलाखती सगळं इंग्रजीत आणि कन्नडमध्ये चालतं. नाहीच जमत वाटलं तर हिंदी घ्या आणि मन लावून करा, त्यात कमीपणा काही नाही. कन्नड मात्र वाचता-लिहिता आलंच पाहिजे. राज्य सरकारच्या कामात ते लागतंच, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे तुमच्याकडे मदत मागायला येणारी बाई बिडी-कक्केरीकडची असली तर ती कन्नडमध्येच रडणार आहे.

आता खरा मुद्दा, फील्डवर्क. माझ्या संस्थेत फील्डवर्कसाठी रेग्युलरची मुलंही येतात आणि दूरशिक्षणाचीही. रेग्युलर कॉलेजात साधारण आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कला दिलेले असतात, मागे लागायला प्राध्यापक असतात. दूरशिक्षणात मागे लागणारं कुणी नाही. इग्नूच्या एमएसडब्ल्यूत दोन्ही वर्षांना फील्डवर्क सक्तीचं आहे, त्याची वही भरावी लागते, पर्यवेक्षकाची सही लागते, गुण असतात. तरीही ते कागदोपत्री उरकणारे लोक असतात. एकाच दिवशी बसून वर्षभराची वही भरलेली मी पाहिली आहे; एकच पेन, एकच शाई, प्रत्येक भेटीत ‘लोकांनी उत्तम प्रतिसाद दिला’. मी त्यावर सही केली नाही. त्या मुलाला राग आला असेल, पण त्याच्या हाताखाली उद्या एखादं पोर किंवा एखादी मार खाल्लेली बाई येणार, ती त्याच्याकडून काय घेऊन जाणार?

फील्डवर्क म्हणजे काय शिकायचं असतं, हे एका वहीवरून सांगते. नाव-गाव ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललं आहे. अंगणवाडीत काम करणारी एक मुलगी माझ्याकडे होती. तिची पहिली नोंद अशी : ‘महिला मंडळाची सभा घेतली. 14 महिला हजर. बालविवाहाचे दुष्परिणाम सांगितले. महिलांनी लक्षपूर्वक ऐकले.’ मी विचारलं, कोण कुठं बसलं होतं? ती गोंधळली. मग आठवून आठवून सांगायला लागली. पुढे अध्यक्षीणबाई, त्यांच्या जावा, भिंतीला टेकून म्हाताऱ्या. दाराजवळ एक बाई होती, ती चटईच्या काड्या ओढत होती. काही बोलली? नाही. शेवटपर्यंत होती? नाही, अठरा वर्षांची गोष्ट निघाली तेव्हा म्हशीचं दूध काढायचंय म्हणून उठून गेली. किती वाजले होते? दुपारचे तीन. एवढं बोलली आणि ती मुलगी स्वतःच गप्प झाली. दुपारी तीनला कुठल्या म्हशीची धार असते?

पुढच्या आठवड्यात ती त्या बाईच्या घरी गेली, सभेचं काही न काढता. तिसऱ्या भेटीत बाईने सांगितलं, नववीतल्या पोरीची सोयरीक ठरलीय. कारण हुंडा नव्हता, रीतही नव्हती. दहावीनंतर पुढचं कॉलेज लांब, संध्याकाळची बस बेभरवशाची, बाप गोव्याला कामाला. पोर घरात एकटी ठेवायची भीती. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि 1098 ही हेल्पलाइन, दोन्ही त्या विद्यार्थिनीला पाठ होतं, आणि गरज पडली तर ते वापरायचंच असतं. पण तारीख ठरलेली नव्हती, हातात वेळ होता. तो वेळ तिने कशाला वापरला? मागासवर्ग कल्याण खात्याचं, ज्याला आपण बीसीएम हॉस्टेल म्हणतो, ते मुलींचं वसतिगृह कुठं आहे, प्रवेश कधी सुरू होतो, वॉर्डन कोण, हे शोधायला. बापाचा फोन नंबर मिळवून त्याच्याशी बोलायला. आईला एकदा ते हॉस्टेल नेऊन दाखवायला. सोयरीक मोडली नाही, पण लग्न अठरा पूर्ण होईपर्यंत लांबवलं आणि पोर हॉस्टेलला गेली. त्या मुलीच्या वहीतली नंतरची पानं वाचताना मला पुस्तकातलं केसवर्क (एकेका माणसाबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं काम) काही वेगळं समजावावं लागलं नाही. तिला ते आतून कळलं होतं.

म्हणून तुम्हाला माझं एकच आग्रहाचं सांगणं : आधी फील्डवर्कची जागा आणि पर्यवेक्षक, मग फी. ज्या अभ्यासकेंद्राचं नाव अर्जात टाकणार तिथं एक दिवस जाऊन बसा. एमएसडब्ल्यू त्या केंद्रावर चालतं का, समुपदेशनाचे, म्हणजे अभ्यासातल्या शंका सोडवायचे, वर्ग रविवारी होतात की आणखी कधी, फील्डवर्कचा पर्यवेक्षक कोण देणार, तो खानापूरकडे येणार की तुम्ही त्याच्याकडे जायचं, हे सगळं स्पष्ट विचारून घ्या. मागच्या तुकडीतल्या एखादीचा नंबर मिळाला तर तिलाही विचारा, ‘फील्डवर्कला कोण बघतंय हो तुमच्यात?’ उत्तर द्यायला ती अडखळली तर दुसरं केंद्र शोधा.

जागेबद्दल म्हणाल तर तुमचा महासंघ हीच चांगली जागा होऊ शकते, पण वह्या लिहायची तीच नोकरी फील्डवर्क म्हणून दाखवू नका. त्याच बायकांबरोबर वेगळं काम घ्या : कर्ज थकवणाऱ्या बाईच्या घरात काय चाललंय, विधवा पेन्शन कुणाचं अडकलंय, गटातून बाहेर पडलेल्या बायका का पडल्या. दुसऱ्या वर्षी मात्र आपलं गाव सोडून बाहेर या. बेळगावात अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सखी केंद्र आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. घटप्रभेला ‘मास’ ही संस्था आहे, देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांनी 1997 मध्ये स्वतः उभी केलेली. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात, 1982 चा देवदासी प्रतिबंधक कायदा आपल्याच राज्याचा. हे काम जवळून बघितल्याशिवाय या जिल्ह्यात कुणी स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवून घेऊ नये असं मला वाटतं.

आणि पावसाचा हिशेब धरा. खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर काय हाल असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस थांबत नाही, भीमगडच्या जंगलातली गावं तुटतात. गावातल्या भेटी दसऱ्यानंतर ठेवा. पावसाळ्यात असाइनमेंट लिहून काढा. झेरॉक्स काढून एक प्रत जवळ ठेवा, पोच घेतल्याशिवाय मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका.

निपाणीहून एक वाचक लिहितात : मी बी.कॉम. आहे, एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. एमएसडब्ल्यू बाहेरून केलं तर वेलफेअर ऑफिसर होता येईल का? वय 34.

दादा, वयाची अडचण नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात 49 व्या कलमाखाली 500 किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. 2020 च्या नव्या कामगार संहितेने तो आकडा 250 वर आणला. म्हणजे जागा वाढायला वाव आहे. पण या पदाला कुठली पदवी चालते हे राज्याचे नियम ठरवतात, आणि तिथं कामगार कल्याण किंवा मनुष्यबळ या विषयातल्या विशेष अभ्यासाला महत्त्व असतं. तेव्हा ज्या विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू घेणार, त्याचा विषयवार अभ्यासक्रम जोडून कारखाने आणि बॉयलर खात्याला लेखी अर्ज करून विचारा, उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’ यावर दोन वर्षं घालवू नका. कामगारांची भाषा येणं हीही या पदाची अट असते, आणि निपाणीत ती तुमच्या बाजूने आहे. मराठी, कन्नड दोन्ही बोलणारा माणूस इथल्या कारखान्यांना हवाच असतो.

एक सुचवू का? तुमच्या गावात तंबाखू वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत. विडी कामगाराचं ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, मुलांची शिष्यवृत्ती, यात त्यांचे कागद कुठं अडतात हे टाइम ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला चटकन कळेल. फील्डवर्क तिथं करा. पण आपल्याच कारखान्यातल्या कामगारांवर करू नका. ज्याची हजेरी तुम्ही लावता तो माणूस तुमच्यासमोर मन मोकळं करणार नाही.

अथणीहून एक आई लिहितात : मुलगी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे. मिरजेला तिच्या आजीच्या आजारपणात आम्ही दवाखान्यात बरेच दिवस राहिलो, तेव्हा तिथल्या समुपदेशक मॅडमचं काम बघून तिनं तेच करायचं ठरवलंय. मुलीला बाहेर ठेवायची आमची तयारी नाही. घरी राहून एमएसडब्ल्यू करून दवाखान्यात लागेल का?

वहिनी, तुमच्या लेकीने दवाखान्याच्या त्या गर्दीत नेमकं ते माणूस हेरलं याचं मला कौतुक वाटलं. पण या एका वाटेला मी दूरशिक्षण सुचवणार नाही, आणि कारण सांगते.

2021 मध्ये आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी केंद्राचा एक कायदा झाला. त्याच्या यादीत दवाखान्यात काम करणारे समाजकार्यकर्तेही आहेत : वैद्यकीय, मनोरुग्णांसाठीचे, क्लिनिकल. आणि युजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, मानसशास्त्र धरून, दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली आहे. (खानापूरच्या वाचकांनीही हे वाचावं. तुमची वाट गावातल्या कामाची आहे, तरी प्रवेश भरायच्या आठवड्यात डेबची यादी पुन्हा एकदा उघडून बघायचं हेही एक कारण.) मनोरुग्णांबरोबर काम करायचं असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्या त्याहून कडक आहे : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करून. घरी राहून ही वाट होत नाही.

रेग्युलर एमएसडब्ल्यू धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आहे, कोल्हापूरला सायबर नावाच्या संस्थेत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचं, म्हणजे 1936 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या समाजकार्य विद्यालयाचं, ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे. आई भवानीच्या पायाशी मुलगी राहतेय म्हटलं तर आजीही तयार होतील. तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांपैकी असेल तर महाराष्ट्रात शिक्षणाच्या काही सवलती आहेत. कोल्हापूरला प्रवेशाची चौकशी करताना गावाच्या दाखल्याचं आवर्जून विचारा.

मुलीला बाहेर ठेवायची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दोघी मिळून वसतिगृह बघून या. स्वयंपाकघर बघा, रात्री दाराला कोण असतं ते बघा, तिथल्या दोन मुलींशी तुम्ही स्वतः बोला. तरीही मन घेत नसेल तर एक वर्ष तिला अथणीतच राहू द्या, सरकारी दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाऊ द्या. त्या वर्षात तुमचंही मन तयार होईल, आणि हे काम रोज आठ तास जमतंय का, तेही तिला कळेल. दवाखान्यात प्रत्येक वाईट बातमीच्या वेळी तिथं उभं राहावं लागतं, हे तिनं आजीच्या खाटेशेजारून बघितलंय. आता अनोळखी माणसाच्या खाटेशेजारून बघू दे.

बेळगावातून एका विद्यार्थिनीची चिठ्ठी : मी रेग्युलर एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सोबत दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू केलं तर एक डिग्री रद्द होते का?

रद्द होत नाही. एप्रिल 2022 पासून युजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. एक रेग्युलर आणि एक दूरशिक्षणाचा, असं चालतं, दोन्ही संस्था मान्यताप्राप्त हव्यात. पण तुझ्या विद्यापीठाने स्वतःचा काही नियम केला असेल तर तो तुला लागू राहील, म्हणून ऑफिसमध्ये विचारून घे. वेळेचं गणितही मांड. एम.ए.चे वर्ग आठवडाभर, एमएसडब्ल्यूचे समुपदेशन-वर्ग सुट्टीच्या दिवशी, मग फील्डवर्क कधी करणार? त्यात इग्नूची जूनची परीक्षा तुझ्या सेमिस्टरच्या परीक्षेशी भिडू शकते. मी तुझ्या जागी असते तर एम.ए. पूर्ण होऊ दिलं असतं आणि शेवटच्या सेमिस्टरमध्ये केंद्र, पर्यवेक्षक, फील्डवर्कची जागा नक्की करून लगेचच्या जुलै सत्राला अर्ज भरला असता. तोवर शनिवारी दुपारी मोकळी असशील तर आमच्या संस्थेत ये. मुलींच्या बालगृहात गणित शिकवायला कुणीतरी हवंच आहे.